गोष्टीतला 'मी' कोण? लेखक की निवेदक?

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात कथाकथन होतं. गोष्ट 'मी'च्या तोंडची. वाडा बिल्डरला देताना धाकट्या भावाच्या सह्या गोड बोलून घेतल्या आणि त्याचा हिस्सा गिळला, असं हा 'मी' मजेत सांगत होता. टाळ्या झाल्या, चहा आला. पहिल्या रांगेतल्या एक आजी तडक लेखकासमोर उभ्या राहिल्या. "भावाचे पैसे दिलेत की नाही अजून?"

"आजी, मला भाऊच नाही."

आजींना हसू नका. ही गल्लत शिकलेसवरलेलेही करतात. त्यातून 'निवेदक' म्हटलं की आपल्याला आठवतो तो माइकपाशी उभा राहून "यानंतर सादर होत आहे" म्हणणारा. गोष्टीतला निवेदक निराळा. लेखक वीजबिल भरतो, प्रुफं तपासतो, मानधनाची वाट बघतो. निवेदक पहिल्या वाक्याला जन्मतो आणि शेवटच्या पूर्णविरामानंतर उरत नाही. इतर पात्रांसारखाच तोही घडवलेला, फक्त सांगायचं काम त्याच्याकडे.

पुण्यातलंच उदाहरण घेऊ. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. ती सांगते यमू, तरुणपणीच वैधव्य आलेली बाई, आणि सांगते आत्मचरित्राच्या थाटात. हरिभाऊ तेव्हा अवघे २६ वर्षांचे. आता 'मी'च्या जागी लेखकाचं नाव घालून बघा: "हरिभाऊ सासरी नांदायला गेले." दोघं वेगळे आहेत हे पटायला एवढं पुरे.

पण खरी गंमत कोणाला काय दिसतं यात आहे. सुधारकांचे वाद, वर्तमानपत्रांतली भांडणं हरिभाऊंना तोंडपाठ. यमूकडे माजघर आहे, दाराआडून कानावर पडलेलं बोलणं आहे, आणि जे अंगावर आलं ते. हरिभाऊ स्वतःच बोलत राहिले असते तर केशवपनावर एक चांगला निबंध झाला असता, असं मला वाटतं. यमू बोलते म्हणून घशात आवंढा येतो.

याच्या शेजारी रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' ठेवा, १९१० सालचं. इथे नाव घालून बघायची युक्ती चालत नाही, कारण 'मी' म्हणजे खरोखरच रमाबाई. मग लेखक आणि निवेदक एकच? जवळजवळ. पुस्तक आलं तेव्हा रमाबाई पुण्यात सेवासदनचा कारभार बघत होत्या, सभांमधून बोलत होत्या. पुस्तकातली 'मी' मात्र नवऱ्याचं, न्यायमूर्ती रानड्यांचं, नाव न घेता त्यांना 'स्वतः' म्हणते आणि आपण एक पाऊल मागे उभी राहते. लिहिणाऱ्या बाईने सांगणारी बाई निवडली आहे, आणि ती निवड करताना स्वतःचा बराचसा भाग बाहेर ठेवला आहे.

'तो', 'ती' करून सांगितलेल्या गोष्टीत निवेदक नसतो, असाही एक समज आहे. असतो. कुणाच्या मनात शिरायचं आणि कुणाच्या नाही, हे तिथे तोच पाळतो.

कीर्तनात असा घोळ होत नाही. बुवा कैकेयी होऊन कितीही थयथयाट करोत, आरतीनंतर त्यांना कुणी रामाच्या वनवासाचा जाब विचारत नाही. गोष्ट सगळ्यांची, बुवांनी फक्त आवाज दिलेला, हे श्रोत्यांना ठाऊक असतं. कथाकथनात गोष्ट नवी, सांगणारा समोर, आवाज त्याचा, चष्माही त्याचाच. निवेदकाला उभं राहायला दुसरं अंगच नसतं. त्यामुळे आजींचा प्रश्न म्हणजे लेखकाला मिळालेली पावतीच होती.

आजींना ते पटलेलं दिसलं नाही. कप खाली ठेवून शेजारणीला म्हणाल्या, "सह्या कुठे कुठे घेतल्या तेसुद्धा सांगितलंन. आणि म्हणे भाऊच नाही!"