हाडांवरून ‘वंश’: चौथ्या रकान्याची पार्श्वभूमी

ओळख न पटलेला सांगाडा सापडला की अमेरिकेत तज्ज्ञाच्या अहवालात लिंग, वय आणि उंचीच्या जोडीला चौथा रकाना असतो. त्याला आधी ‘रेस’ म्हणत. 1990 च्या दशकात ‘अँसेस्ट्री’ (पूर्वजांचं मूळ) रूढ झालं आणि आता ‘पॉप्युलेशन अफिनिटी’ (कुठल्या समूहाशी साम्य) म्हणा असा आग्रह आहे. मराठीत पहिल्या दोन्हींना आपण ‘वंश’च म्हणतो. ‘वंशाचा दिवा’मधला वंश म्हणजे कूळ, ‘वंशवाद’मधला वंश निराळा. सगळं भांडण या दोन अर्थांमधल्या फटीत आहे, आणि मराठीत ती फटच दिसत नाही.

कवट्या मोजून माणसांची उतरंड लावण्याचा 19 व्या शतकातला उद्योग सर्वांना ठाऊक आहे. 1928 मध्ये बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे या मराठी विदुषीने कवट्या मोजूनच, कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध लिहिलं होतं. याची आठवण आपण फार कमी काढतो.

कवटीच्या मापांवरून गट ठरवण्याची पोलीस तपासातली सूत्रं 1962 ची. त्यांतल्या गोऱ्या आणि काळ्या गटांचे सांगाडे सेंट लुईस आणि क्लीव्हलंडच्या संग्रहांतले, म्हणजे बहुतांशी कोणी न्यायलाच न आलेल्या गरिबांचे. 1993 मध्ये टेनेसीतून संगणकप्रणाली आली. मापं भरली की ती जवळचा गट सांगते. पण माणूस ज्या समाजातला तो समाज यादीत नसेल, तरी कुठला तरी गट पुढे येतोच. 2005 मध्ये प्राचीन नुबियातल्या (आजच्या इजिप्त-सुदानच्या भागातल्या) कवट्या याच प्रणालीने तपासल्या तेव्हा त्या जगभरच्या गटांत विखुरल्या. या प्रणालीसोबत वापरल्या जाणाऱ्या एका जागतिक मापसंग्रहात 28 समूह आणि अडीच हजारांवर कवट्या आहेत. त्यात भारतातले फक्त अंदमानी. न्यू जर्सीत एखादा मराठी माणूस असा सापडला, तर त्याची तुलना कोणाशी करणार?

गट ठरवताना मापांखेरीज कवटीची ठेवण डोळ्यांनीही पाहतात. नाकाच्या पोकळीचा खालचा काठ धारदार आहे की आत उतरत जातो, हे बोट फिरवूनही कळतं. पण धार आणि उतार यांच्यामध्ये असंख्य पायऱ्या आहेत.

सर्वांत गुंतागुंतीचा गट ‘हिस्पॅनिक’. मुळात हा शिरगणतीतला शब्द, भाषेवरून आलेला. हाडांना भाषा नसते. तरी मेक्सिकोच्या सीमेलगत वाळवंटात मेलेल्या स्थलांतरितांसाठी तोच वापरला गेला. ग्वाटेमालाच्या डोंगरातला माया शेतकरी आणि क्यूबाचा रहिवासी एकाच खणात.

2020 मध्ये काही अभ्यासकांनी हा रकानाच काढून टाका, अशी जाहीर मागणी केली. विरोधकांचं म्हणणं असं की बेपत्तांच्या नोंदीत कुटुंबाने ‘काळा’, ‘गोरा’ लिहिलेलं असतं आणि शोध तिथूनच सुरू होतो. हा मुद्दा खरा आहे. पण चुकीचा गट लिहिला गेला, तर त्या घरच्या माणसाची फाइल कोणी उघडतच नाही. नवं नाव आलं तरी बऱ्याच ठिकाणी मापं तीच आहेत आणि संग्रहही तेच.