शेफील्डचा रविवार आणि पश्चिमेची माळराने

इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या हद्दीचा सुमारे एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात मोडतो. पोलादाच्या या शहरातून निघालेली बस अर्ध्या-पाऊण तासात हेदरच्या झुडपांनी भरलेल्या उघड्या माळावर पोहोचते आणि सुट्टीच्या दिवशी पाठपिशवी अडकवलेली माणसे जागोजागी उतरताना दिसतात. माळावर मोकळेपणी फिरण्याचा हा हक्क कसा मिळाला याचा विषय निघाला की २४ एप्रिल १९३२ ही तारीख सांगितली जाते. त्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टमधील किंडर स्काउटच्या पठारावर काहीशे तरुणांनी जमीनमालकांची मनाई धाब्यावर बसवून प्रवेश केला. तो प्रसंग महत्त्वाचा आहेच. पण शेफील्डपुरते बोलायचे तर त्याआधीची तीन-चार दशकांची चिकाटी आणि त्यानंतरचा कागदोपत्री झगडा यांना त्या एका दिवसाने झाकून टाकले आहे.

मुळात ही माळराने सदासर्वकाळ बंद नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस संसदेच्या कायद्यांनी गावोगावची गायराने वाटून टाकली, त्यांना दगडी कुंपणे पडली आणि जमिनी मोठ्या मालकांच्या नावावर चढल्या. शेफील्डमध्ये याची प्रतिक्रिया उग्र होती. १७९१ मध्ये संतप्त जमावाने गायरान-वाटपाशी संबंध असलेले व्हिकार (चर्चचे पाद्री) जेम्स विल्किन्सन यांच्या ब्रूम हॉल या घरावर हल्ला केला. पुढे एकोणिसाव्या शतकात बंदुकी सुधारल्या, रेल्वे आली आणि ग्राउझ या पक्ष्याची शिकार हा उमरावांचा हंगामी शौक झाला. १२ ऑगस्टला सुरू होणाऱ्या त्या हंगामासाठी माळ वर्षभर निर्मनुष्य ठेवणे मालकांना सोयीचे होते, म्हणून त्यांनी पगारी राखणदार नेमले आणि ‘प्रवेश बंद’च्या पाट्या ठोकल्या. स्टॅनेजच्या कड्यावर आजही खडकात कोरलेली उथळ कुंडे दिसतात. ग्राउझला पावसाचे पाणी प्यायला मिळावे म्हणून ती खोदलेली आहेत. कुंडात पाणी उतरावे यासाठी खडकावर चर काढले आहेत आणि प्रत्येक कुंडाशेजारी क्रमांक कोरला आहे. ज्या माळावर माणसाला पाऊल ठेवण्याची बंदी होती, तेथे पक्ष्यांच्या पाण्याची व्यवस्था अशी क्रमवार लावलेली होती.

दुसरीकडे, शहरातल्या कामगाराला मोकळ्या हवेची निकड होती. चाकू-सुऱ्या आणि जेवणाचे काटे बनवणाऱ्या या गावात सहाणेवर कोरडी धार लावणाऱ्यांच्या फुप्फुसात दगड-लोखंडाची धूळ साचत असे. काट्यांच्या धारेचे काम करणारे अनेक जण चाळिशीही पाहत नसत. मोठे पोलाद कारखाने शहराच्या पूर्वेला डॉन नदीच्या खोऱ्यात होते आणि वारा बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्यामुळे धूर पूर्वेकडच्या वस्त्यांवर जाई. पैसेवाल्यांनी पश्चिमेच्या टेकड्यांवर बंगले बांधले ते काही केवळ देखाव्यासाठी नव्हे.

फुरसतीची वाटणीही व्यवसायानुसारच झालेली होती. छोट्या कार्यशाळांतले कारागीर नगावर मजुरी घेत असल्यामुळे सोमवार सर्रास बुडवत आणि आठवड्याच्या अखेरीस रात्रीचा दिवस करून काम भरून काढत. १८२० मध्ये स्थापन झालेल्या एका क्रिकेट क्लबचे नाव ‘वेन्सडे’ पडले, कारण त्याच्या सभासदांना बुधवारी अर्धा दिवस रजा असे. त्याच क्लबच्या १८६७ मधल्या फुटबॉल शाखेतून आजचा शेफील्ड वेन्सडे संघ निघाला. १८५७ चा शेफील्ड फुटबॉल क्लब तर जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. बागांच्या बाबतीत मात्र दार जपूनच उघडले गेले. १८३६ ची बोटॅनिकल गार्डन्स भागधारकांच्या पैशातून उभी राहिली आणि सामान्यांना तेथे वर्षातून मोजकेच दिवस प्रवेश मिळे. नॉरफोकच्या ड्यूकने १८४८ मध्ये शहरात विनामूल्य उद्यान खुले केले, ही गोष्ट त्या काळी दुर्मीळच होती. पुढे १९३२ मध्ये ज्या रस्त्यावर चालण्यासाठी शेफील्डकरांना मनाई मोडावी लागली, त्याचे नावही ‘ड्यूक्स रोड’ असावे आणि तो याच घराण्याशी जोडलेला असावा, हा योगायोग बोलका आहे.

माळाकडची वाट व्यवहारात उघडली ती रेल्वेने. टॉटलीचा सुमारे पावणेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा खोदून झाल्यावर १८९४ पासून होप खोऱ्यातून प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि ग्रिंडलफर्ड, हॅदरसेज, ईडेल ही स्थानके रविवारच्या आवाक्यात आली. जॉर्ज हर्बर्ट ब्रिजेस वॉर्ड या अभियांत्रिकी कामगाराने ‘क्लेरियन’ या समाजवादी साप्ताहिकात आवाहन छापले आणि सप्टेंबर १९०० च्या पहिल्या रविवारी चौदा जण किंडर स्काउटला वळसा घालून आले. त्यांत तीन स्त्रिया होत्या. या फेरीतून शेफील्ड क्लेरियन रॅम्बलर्स ही संघटना उभी राहिली. कामगारांसाठी काढलेल्या पहिल्या पदभ्रमण मंडळांत तिची गणना होते.

वॉर्ड यांचे खरे काम त्यांच्या वार्षिक पुस्तिकांत पाहावे. वास्कुटाच्या खिशात मावेल एवढ्या आकाराच्या या पुस्तिकांत वर्षभराच्या फेऱ्यांचे वेळापत्रक तर असेच, पण त्यासोबत गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती, जुन्या सीमाशिळांची टिपणे, घोड्यांच्या तांड्यांच्या वाटांचा इतिहास आणि बंद पाडलेल्या पाऊलवाटांच्या वहिवाटीचे पुरावेही दाटीवाटीने छापलेले असत. छंद म्हणून जमवलेली ही माहिती प्रत्यक्षात मालकांविरुद्धची फाइल होती. मालकांनीही ती ओळखली असावी, कारण १९२३ मध्ये किंडरवर पाऊल टाकू नये असा मनाई हुकूम वॉर्ड यांच्यावर बजावला गेला.

१९३२ ची घटना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. या प्रवेशाचे पुढारी बेनी रॉथमन आणि त्यांचे मँचेस्टरकडचे सहकारी हेफील्डहून चढले, तर शेफील्डहून आलेली एक तुकडी ईडेलच्या बाजूने वर आली. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि डर्बीच्या न्यायालयात, सेनाधिकारी व जमीनदार यांचाच भरणा असलेल्या ज्यूरीपुढे खटला चालून पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. प्रस्थापित पदभ्रमण महासंघाला ही कृती मान्य नव्हती, कारण वाटाघाटी बिघडतील अशी त्यांना भीती होती. शिक्षा मात्र इतक्या कठोर ठरल्या की सहानुभूती आपोआप चालणाऱ्यांकडे वळली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेफील्डच्या सुमारे दोनशे जणांनी ॲबी ब्रुक या ओढ्याजवळ ड्यूक्स रोडवर तसाच प्रवेश केला. राखणदार दांडकी घेऊन उभे होते, पण या वेळी कोणालाही अटक झाली नाही. कदाचित म्हणूनच तो प्रसंग स्मरणातून निसटला.

या सर्व काळात आणखी एक, अगदी वेगळ्या पद्धतीची मोहीम चालू होती. पहिल्या महायुद्धात विधवा झालेल्या एथेल गॅलिमोर यांनी १९२४ मध्ये स्थानिक निसर्गसौंदर्य जपण्यासाठी संस्था स्थापन केली. दुसऱ्या विवाहानंतर त्या एथेल हेथॉर्नथ्वेट या नावाने ओळखल्या गेल्या. त्या सधन उद्योजक घराण्यातल्या होत्या, आणि मोर्च्यापेक्षा त्यांचा भर वर्गणी, पत्रव्यवहार व नकाशे यांवर होता. रटलँडच्या ड्यूकने लॉंगशॉची इस्टेट १९२७ मध्ये विकायला काढली, तेव्हा शिकारीच्या बंगल्याभोवतीची सुमारे साडेसातशे एकर जमीन त्यांनी जाहीर वर्गणीतून वाचवली आणि १९३१ मध्ये ती वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवण्यात आली. टपालाने घड्याळे विकून श्रीमंत झालेले जे. जी. ग्रेव्ह्‌ज यांनी शहराला उद्यान आणि कलादालन दिले, तसेच १९३३ मध्ये ब्लॅका मूर हे माळरानही दिले. १९३८ मध्ये नगरपालिकेने शहराभोवतीच्या हरितपट्ट्याला तात्पुरती मान्यता दिली. आज शहर सोडताच एकदम शेते आणि माळ लागतात, त्याचे बरेचसे श्रेय या कंटाळवाण्या वाटणाऱ्या निर्णयांना आहे. मला तर ते किंडरच्या चढाईइतकेच मोठे वाटते.

देवाणघेवाणीचा हा ओघ केवळ शहराकडून गावाकडे होता, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातील चर्चच्या सुधारकांना गावकी वादकांच्या साथीने म्हटली जाणारी उडत्या चालीची नाताळगीते रुचेनात, तेव्हा ती चर्चमधून बाहेर पडली आणि शहराच्या वायव्येकडील स्टॅनिंग्टन, डंगवर्थ या परिसरातील पबमध्ये जिवंत राहिली. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दर रविवारी दुपारी खच्चून भरलेल्या पबमध्ये, हाती पेला धरून माणसे ती गातात. मेंढपाळांवरचे एकच गीत येथे अनेक निरनिराळ्या चालींत म्हटले जाते आणि कोणती चाल कोणत्या गावची, याबद्दल अभिमानाने वादही होतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोष्टी वेगाने हलल्या. १९४५ मध्ये लूज हिलचा माथा वॉर्ड यांच्या सन्मानार्थ त्यांना भेट देण्यात आला आणि त्यांनी तो लगेच नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला. राष्ट्रीय उद्यानांचा १९४९ चा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. उद्यान झाले म्हणून जमीन सरकारची झाली नाही. मालकी बहुतांशी पूर्वीचीच राहिली आणि माळावर फिरण्यासाठी एकेका मालकाशी करार करावे लागले. उघड्या माळावर पायी हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क २००० च्या कायद्याने दिला, म्हणजे वॉर्ड यांच्या पहिल्या फेरीला शंभर वर्षे झाली तेव्हा. वॉर्ड १९५७ मध्येच वारले होते. २००२ मध्ये किंडर प्रवेशाच्या सत्तराव्या वर्षदिनी डेव्हनशायरच्या तत्कालीन ड्यूकने १९३२ मध्ये किंडरचे मालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

शिकार मात्र थांबलेली नाही. नवीन कोवळे हेदर फुटावे म्हणून काही माळांवर अजूनही आगी लावल्या जातात आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अशाच आगींचा धूर थेट शेफील्डवर उतरला, तेव्हा नगरपालिकेने उघड नाराजी व्यक्त केली. पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) थर जळतो, पावसाचे पाणी धरून ठेवण्याची माळाची ताकद घटते आणि खालच्या खोऱ्यांना पुराचा धोका वाढतो, असा विरोधकांचा आक्षेप आहे. नियंत्रित जाळपोळीमुळे मोठे वणवे टळतात, असे मालकांचे म्हणणे आहे. चालण्याचा प्रश्न सुटला असला तरी त्या जमिनीचे काय करावे, हे ठरवण्यात शहराला वाटा किती, हा वाद अद्याप चालू आहे.