स्विंगआर्म बॅग की साइड बॅग: आधी पट्टा कशाला बांधलाय ते बघा

दुकानात दोन्ही बॅगा एकाच हुकाला लटकलेल्या असतात. दोन्ही चामड्याच्या, दोन्हींना पितळी बकलं, दोन्ही मोटरसायकलच्या मागच्या बाजूला लागणाऱ्या. एक स्विंगआर्म बॅग, दुसरी साइड बॅग किंवा सॅडल बॅग. विकणारा बऱ्याचदा एकाच बॅगेला दोन्ही नावं लावतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

खरा फरक बॅग कशावर बसते त्यात आहे. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये अडकवलेलं असतं तो स्विंगआर्म. बरेच मेकॅनिक त्याला मागचा चिमटा म्हणतात. त्याचं पुढचं टोक चेसिसला बोल्टावर फिरतं आणि मागचं टोक चाकाबरोबर वरखाली होतं. सीट आणि चेसिस मात्र शॉकअपच्या वर. म्हणजे चिमट्यावरची बॅग प्रत्येक खड्डा थेट खाते आणि सीटखालच्या चेसिसवरच्या बॅगेला शॉकअपनं गिळून उरलेला धक्का मिळतो. ठाण्याच्या टीएमटी बसमध्ये डबा पायाशी ठेवला तर कसा खडखडतो आणि मांडीवर घेतला तर कसा गप्प बसतो, तसंच हे.

आता हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले कसे? हार्ले-डेव्हिडसननं 1984 साली सॉफ्टेल आणली. तिचे शॉकअप गाडीच्या पोटाखाली लपवलेले आणि मागचा चिमटा त्रिकोणी, जुन्या बिनशॉकअपच्या गाड्यांसारखा दिसणारा. त्या त्रिकोणात एक छोटी बॅग अगदी चपखल बसते. तिचे तिन्ही पट्टे त्रिकोणाच्याच नळ्यांना, म्हणून चिमटा हलला की अख्खी बॅग एकसंध हलते. पण तीच बॅग रॉयल एनफील्डच्या बुलेट किंवा क्लासिकला लावायची तर त्यांचा चिमटा आडवा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शॉकअप उभे. दोन पट्टे खाली बांधून होतात, तिसऱ्याला वर जागाच नाही. मग तो पट्टा शॉकअपच्या स्प्रिंगभोवती नाहीतर सीटखालच्या नळीला जातो. सगळं बिघडतं ते इथे.

माझ्या गाडीवर एका दुकानात असंच बसवून दिलं होतं. ठाण्याहून कळवा, विटावा, ऐरोली करत महापे, हा माझा रोजचा रस्ता. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जाताना चाक किती नाचतं ते तिथून जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तीन आठवड्यांनी वरच्या पट्ट्याचं गोल भोक लांबुळकं झालं होतं, रिबिटाभोवतीचं चामडं कागदासारखं फाटलं होतं आणि सैल झालेल्या पट्ट्याच्या टोकाला चेननं कुरतडल्याच्या खुणा होत्या, काळ्या ग्रीसने माखलेल्या. ते टोक दोन इंच जास्त लांब असतं तर चेनमध्ये ओढलं जाऊन मागचं चाकच जाम झालं असतं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. ओळखीचे मेकॅनिक बघून एवढंच म्हणाले, “दादा, वरचा पट्टा सीटचं ऐकतो, खालचा चाकाचं. मधलं चामडं कोणाचं ऐकणार?”

म्हणून नियम एकच: सगळे पट्टे चिमट्याला, नाहीतर सगळे चेसिसला. शॉकअपला तर एकही नाही, कारण त्याचं खालचं टोक चाकाबरोबर जातं आणि वरचं चेसिसबरोबर राहतं. काही गाड्यांवर मागच्या माणसाचं फूटरेस्टसुद्धा चिमट्यावरच असतं. तेव्हा नुसतं पाहून ठरवू नका, कुणाला तरी सीट दाबायला सांगा आणि काय कशाबरोबर हलतं ते बघा.

चिमट्यावरच लावायची असेल तर ती जितकी पुढे, बोल्टाच्या जवळ, तितकी बरी. चाक 8 सेंटीमीटर उचललं गेलं तर चिमट्याच्या मधोमध असलेली बॅग साधारण 4 सेंटीमीटरच उचलली जाते. आणि तिच्यात हलकंच सामान ठेवा: रेनकोट, हातमोजे, फडकं. तिथलं वजन चाकाच्या वजनात धरलं जातं. चाक जड झालं की शॉकअपला ते रस्त्यावर टेकवून ठेवणं अवघड जातं. पाने, पंक्चर किट, कुलूप हे सगळं चेसिसवरच्या बॅगेत.

आपल्या बुलेट-क्लासिकवाल्यांना मी सरळ साइड बॅगच घ्या म्हणेन, चेसिसला बोल्टनं बसणाऱ्या लोखंडी स्टँडसकट. सायलेन्सर उजवीकडे, त्यामुळे बॅग डावीकडे येणार, आणि डावीकडे चेन आणि साडी गार्ड. बॅग नीट बसत नाही म्हणून साडी गार्ड काढायला सांगणारे भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 123 नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं असावं लागतं. मागे बसलेल्या आईचा किंवा बायकोचा पदर आपल्या बॅगेपेक्षा फार मोलाचा आहे.

बॅग बसवली की मेन स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवा. तेव्हा चाक पूर्ण खाली लोंबत असतं. मग टायरच्या बाजूला खडू फासा, गाडी स्टँडवरून उतरवा, दोन माणसं बसवून सीट चांगली दाबा. बॅगेच्या आतल्या अंगाला पांढरं लागलं की समजा रस्त्यावर घासणार. पट्ट्यांची जादा टोकं कापा किंवा लूपमध्ये आत खोचून टाका, चेनच्या बाजूला एकही मोकळं नको.

चामड्याची काळजी दोन्हींना सारखीच. भिजली तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात चामडं कडक होऊन तडकतं, आणि प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं तर बुरशी धरते. तेल बोटभरच लावा, जास्त झालं की बॅग लिबलिबीत होऊन चाकाकडे झुकते. भिजलेले पट्टे ताणतातही, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर खडूची तपासणी पुन्हा करा आणि लागलं तर बकल एक भोक आत घ्या.