‘ल्युसिड’ या शब्दाने घातलेला घोळ : ल्युसिड ड्रीमिंगची पार्श्वभूमी

ल्युसिड ड्रीम, म्हणजे झोपेत असतानाच हे स्वप्न आहे याचं भान असलेलं स्वप्न, शिकायला घेतलेल्या खूप जणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्वप्नात कळलं की हे स्वप्न आहे, पण उडता आलं नाही, जागा बदलता आली नाही, मग हे ल्युसिड धरायचं का नाही? काही जण तर तेवढ्यावरच ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून देतात आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना जमलेलं असतं. घोळ शब्दात आहे आणि तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

फार खोलात नाही जात. झोपलेल्या माणसाला आतून काहीतरी सांगत असतं की हे स्वप्न आहे, अशी नोंद इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या ग्रीक तत्त्वज्ञानात आहे, तिबेटी साधनेत स्वप्नयोग शतकानुशतकं शिकवला जातोय, आणि १८६७ मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने स्वप्नं आणि ती वळवायचे उपाय यावर अख्खं पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न छापता. तो तेरा वर्षांचा असल्यापासून स्वप्नांची वही लिहायचा, म्हणजे आज नवशिक्याला पहिल्या दिवशी जे करायला सांगतात तेच.

आता शब्द. तो रूढ झाला १९१३ मध्ये, एका डच मनोविकारतज्ज्ञाच्या इंग्रजी निबंधामुळे. १८९८ ते १९१२ या काळातली स्वतःची अशी ३५२ स्वप्नं त्याच्याकडे नोंदवलेली होती. मनोविकारांच्या भाषेत ‘ल्युसिड’ हा शब्द आधीपासून होता, भ्रमात असलेला पेशंट मधेच काही वेळ भानावर येतो ना, त्या काळाला तो लावायचे. म्हणजे हा शब्द माणसाच्या भानाबद्दलचा आहे, चित्र किती लख्ख दिसतं त्याबद्दलचा नाही. त्याने वर्णन असं केलंय की झोपलेल्याला दिवसाचं आयुष्य आठवतं, आपण कुठल्या अवस्थेत आहोत ते कळतं, लक्ष हवं तिकडे नेता येतं आणि स्वतःच्या इच्छेने काही करण्याचा *प्रयत्न* करता येतो. प्रयत्न हा शब्द माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच पुढे गळून पडला. त्याच निबंधात एक प्रसंग आहे, स्वप्नात तो टेबलावरचा वाइनचा ग्लास उचलून त्यावर सगळ्या ताकदीने मूठ मारतो आणि ग्लास तसाच, मग थोड्या वेळाने परत बघतो तर फुटलेला! ज्याच्यामुळे हा शब्द रूढ झाला त्याच्या हातातलासुद्धा ग्लास वेळेवर फुटला नाही आणि तरी त्याने ते स्वप्न ल्युसिडच धरलं.

पण रोजच्या इंग्रजीत ल्युसिड म्हणजे स्पष्ट, सुबोध, त्यामुळे लोक ठसठशीत, रंगीत स्वप्नालाच ल्युसिड म्हणायला लागले. मराठीत ‘स्पष्ट स्वप्न’ म्हटलं की तोच घोटाळा होतो, आणि ‘जागृत स्वप्न’ म्हटलं तर दिवास्वप्नासारखं वाटतं, शिवाय मांडूक्य उपनिषदाने जागृती आणि स्वप्न या दोन वेगळ्याच अवस्था सांगितल्यात. ‘सजग स्वप्न’ त्यातल्या त्यात बरं. अभ्यासकांचंही यावर एकमत नव्हतं. १९६८ च्या एका ब्रिटिश पुस्तकाने व्याख्या अगदी साधी ठेवली, स्वप्नात असताना हे स्वप्न आहे याची जाणीव असणं, बास. उलट १९८० च्या दशकात जर्मन अभ्यासकांच्या बाजूने सात प्रकारच्या स्पष्टपणाची यादी दिली, त्यात निर्णयाचं स्वातंत्र्य आणि जागेपणीच्या आयुष्याची आठवणसुद्धा आवश्यक धरली. जर्मन व्याख्या जास्त नेटकी आहे हे मान्य, पण शिकणाऱ्याला ती जाचक होते. मी साध्या व्याख्येच्या बाजूचा. आणि यादीतसुद्धा निर्णय घेण्याचं स्वातंत्र्य आहे, स्वप्नाने तो ऐकलाच पाहिजे असं नाही.

याच्या जोडीला दुसरा वाद चालू होता की असं काही मुळात असतं का. झोपलेला माणूस कसलाही निष्कर्ष काढूच शकत नाही असं १९५९ च्या एका तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ठासून मांडलं होतं, आणि झोपेचे अभ्यासक म्हणायचे की हे लोक क्षणभर जागे होत असणार. तोडगा सापडला तो डोळ्यांत. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं जास्त पडतात त्या झोपेत, शरीराचे स्नायू ढिले पडलेले असतात पण डोळे हलतात, मग आधी ठरवून स्वप्नातून डावी-उजवीकडे नजर फिरवून खूण करायची. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या एका लॅबमध्ये अशी खूण पहिल्यांदा नोंदली गेली. अमेरिकेत स्वतंत्रपणे तेच झालं आणि १९८१ मध्ये छापून आलं, त्याआधी मोठ्या नियतकालिकांनी तो पेपर परत पाठवला होता. पहिलं कोण यावर अजून चर्चा होते, मला त्यात रस नाही, पण खुणेची अट फक्त ‘कळलं’ एवढीच होती हे लक्षात घ्या, उडायची नव्हती.

नवशिक्यांच्या हातात आज जे येतं ते बहुतेक याच काळातलं. दिवसभर ‘मी आत्ता स्वप्नात आहे का’ असं मनापासून विचारायची सवय जर्मन बाजूची, आणि झोपताना ‘पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे’ असं ठरवायचं ते माइल्ड तंत्र १९८० च्या अमेरिकन निबंधातलं. नंतर उजेड टाकणारे मास्क आले, गोळ्या आल्या, त्यात आत्ता शिरत नाही. रिॲलिटी चेकचा, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात हे तपासून बघण्याचा, मात्र फारच बोलबाला झाला, नाक दाबून श्वास घेऊन बघ, बोटं मोज, आणि लोक ते यंत्रासारखं करत बसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नुसत्या रिॲलिटी चेकने फारसं काही हाती लागलं नाही, पण पाच तास झोपून उठायचं, माइल्ड करायचं आणि परत झोपायचं ही जोड दिल्यावर आठवड्याभरात साधारण १७ टक्के रात्री यश आलं, आणि माइल्ड संपवून पाच मिनिटांत झोप लागलेल्यांत तर जवळपास ४६ टक्के. म्हणजे उठल्यावर मोबाइल हातात घेऊन झोप उडवणं किती महागात पडतं बघा.

पुढचा मोठा टप्पा २०२१ चा. चार देशांतल्या लॅबनी मिळून ३६ जणांवर प्रयोग केला, झोपलेल्या माणसाला बाहेरून सोपी गणितं विचारायची, आठातून सहा गेले किती, आणि त्याने डोळ्यांनी किंवा चेहऱ्याच्या स्नायूंनी उत्तर द्यायचं. १५८ प्रयत्नांत बरोबर उत्तर १८ टक्क्यांच्या आसपास, बहुतेक वेळा काहीच उत्तर नाही. काहींना प्रश्न स्वप्नाच्या बाहेरून आल्यासारखा ऐकू आला तर काहींना स्वप्नातल्याच रेडिओवरून. त्यांनी स्वप्नातलं काही बदलावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती, हे स्वप्न आहे हे लक्षात ठेवायचं आणि दोनदा डोळे हलवायचे.