कुस्ती आणि सांबो

शस्त्राविना, प्रतिस्पर्ध्याला पकडून व पाडून खेळल्या जाणाऱ्या दोन क्रीडाप्रकारांची ही तुलना आहे. येथे कुस्ती म्हणजे मुख्यत्वे सोलापूर, सांगली, सातारा व कोल्हापूर या पट्ट्यातील तालमींत खेळली जाणारी तांबड्या मातीतील निकाली, म्हणजे गुणांवर नव्हे तर चीतपटीवर संपणारी, कुस्ती अभिप्रेत असून गादीवरील कुस्तीचा विचार आवश्यक तेथेच केला आहे. सांबो हा सोव्हिएत संघात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवला गेलेला खेळ असून त्याचे नाव ‘शस्त्राविना आत्मसंरक्षण’ या अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे.

कुस्तीच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती प्राचीन मल्लविद्येचीच अखंड परंपरा आहे, तर दुसऱ्या मतानुसार मोगलांबरोबर, म्हणजे सोळाव्या शतकात, इराणी कुस्ती येथे आली आणि देशी मल्लविद्येशी तिचा संकर झाला. पहिल्या मताला सर्वांत भक्कम आधार कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचा असून त्याची रचना साधारणपणे ११३० च्या सुमारास झाली असे मानले जाते. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात वय, देहयष्टी व बळ यांनुसार मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल असे वर्ग केले असून त्यांच्या आहाराचे व मेहनतीचेही वर्णन आहे. सोलापूरचा परिसर त्या राज्यातच मोडत असल्याने येथील परंपरेसाठी हा पुरावा दूरचा नव्हे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल या पिढीजात मल्लांच्या समाजाच्या ‘मल्लपुराणा’चा काळ मात्र तेराव्यापासून सतराव्या शतकापर्यंत कोठेही धरला जातो, म्हणून त्यावर फार भार टाकता येत नाही. मोगल काळाचा सिद्धांत उत्तर हिंदुस्थानला लागू पडत असला, तरी दख्खनमध्ये १३४७ पासून गुलबर्गा व पुढे बीदर येथे बहमनी सत्ता होती आणि तिचा इराणशी जवळचा संबंध होता. पैलवान, वस्ताद, पेच यांसारखे फार्सी शब्द व त्यांबरोबरच्या रीती येथे मोगलांपूर्वीच रुजल्या असाव्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सांबोच्या उगमाचा वाद जवळच्या काळातला असूनही अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात राजकारण मिसळलेले आहे. साखालिन बेटावर जन्मलेला वासिली ओश्चेपकोव १९११ मध्ये तोक्योच्या कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेत दाखल झाला, १९१३ मध्ये ज्युदोत पहिला ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याची पहिली श्रेणी, मिळवून परतला आणि पुढे मॉस्कोच्या शारीरिक शिक्षण संस्थेत शिकवू लागला. त्याच सुमारास व्हिक्तर स्पिरिदोनोव हा ‘दिनामो’ या सुरक्षादलांच्या क्रीडासंस्थेत जिउजित्सू या शस्त्राविना लढण्याच्या जुन्या जपानी विद्येच्या आधारे स्वतंत्र पद्धत बसवत होता. जपानी हेर असल्याच्या आरोपावरून ओश्चेपकोवला १९३७ मध्ये अटक झाली व थोड्याच दिवसांत तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. १६ नोव्हेंबर १९३८ रोजी सोव्हिएत क्रीडा समितीने या खेळाला मान्यता देणारा आदेश काढला, तेव्हा ओश्चेपकोवचे नाव घेणे कोणालाही परवडणारे नव्हते. त्याचाच शिष्य अनातोली खार्लाम्पियेव याने मग सांबो ही सोव्हिएत प्रजासत्ताकांतील लोककुस्त्यांच्या, म्हणजे जॉर्जियाची चिदाओबा, मध्य आशियाची कुराश, आर्मेनियाची कोख इत्यादींच्या एकत्रीकरणातून निर्माण झाली असे प्रतिपादन केले आणि पुढे अनेक दशके तोच तिचा जनक मानला गेला. ओश्चेपकोवची निर्दोष म्हणून नोंद १९५७ मध्ये झाली. आज अभ्यासकांचा कल सांगाडा ज्युदोचा आणि लोककुस्त्यांची भर नंतरची, असे मानण्याकडे आहे. सांबोच्या अंगरख्याबाबतही हाच वाद आहे. काहींना तो ज्युदोच्या पोशाखाचा आखूड अवतार वाटतो, तर काहींना जॉर्जियन मल्लांच्या बंडीचा. चार कांस्यपदके मिळवणारे सोव्हिएत ज्युदोपटू १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये सांबोच्याच तालमीतून उतरले होते, ही गोष्ट सांगाडा ज्युदोचा असल्याच्या मताला पूरक ठरते.

पोशाख व पृष्ठभाग यांतील फरक पकडीवर थेट परिणाम करतो. सांबोपटू लाल किंवा निळा अंगरखा, त्यात ओवलेला पट्टा, आखूड चड्डी व मऊ बूट घालून गादीवर लढतो. बाही, गळपट्टी, पट्टा हे सर्व धरण्यास मोकळे असते. पैलवान लंगोट वा जांघ्यावर हौद्यात, म्हणजे तालमीतील मातीच्या आखाड्यात, उतरतो. हौद्यातील तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली असते, आणि काळ्या जमिनीच्या सोलापूर जिल्ह्यात ती बहुधा बाहेरूनच आणावी लागते. खडाखडीपूर्वी, म्हणजे हाताला हात भिडवून जोर अजमावण्यापूर्वी, एकमेकांच्या अंगावर माती टाकली जाते ती घामट अंगावर हात ठरावा म्हणून. मातीत जांघ्या धरणे चालते. गादीवरील कुस्तीत पोशाख धरणे निषिद्ध आहे. त्यामुळे पकडीपुरते पाहिले, तर मातीची कुस्ती ही गादीची कुस्ती आणि सांबो यांच्या मधली ठरते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

खरा भेद मात्र पकडीत नसून निकालाच्या कल्पनेत आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली, तो चीतपट झाला, की लढत संपते. तो कसा पडला, पाडणारा उभा राहिला की त्याच्यावरच कोसळला, याला महत्त्व नाही. सांबोत पाठ टेकवून दाबून धरल्याने लढत संपत नाही. वीस सेकंद धरल्यास चार गुण मिळतात व दहा सेकंद धरल्यास दोन. उलट, पाडणारा स्वतः उभा राहून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर आदळू शकला, तर तत्काळ पूर्ण विजय मिळतो. धोबीपछाड घेतल्यास हे स्पष्ट होते. समोरच्याचा हात दोन्ही हातांनी धरून, गर्रकन पाठ फिरवून, तो खांद्यावरून ओढत पैलवान कमरेत वाकतो. उघडा, घामेजलेला हात निसटू नये म्हणून तो इतका कवटाळतो की अनेकदा स्वतःही गुडघ्यांवर येऊन त्याच्यासोबत घरंगळतो आणि तिथेच छातीने दाबून कुस्ती मारतो. मैदानावर ही निर्विवाद चीतपट. सांबोच्या पंचाच्या दृष्टीने मात्र पाडणाराही पडला, म्हणून केवळ चार गुण. बाही हातात असल्याने सांबोपटूला उभे राहणे सोपे जाते, हेही खरे.

गुणांची भाषा कुस्तीलाही आता परकी राहिलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागात सोलापूर जिल्ह्याचेच दोन मल्ल, महेंद्र गायकवाड व सिकंदर शेख, समोरासमोर आले आणि महेंद्रच्या टांग डावाला दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद झाला. समोरच्याची पाठ पुरेशी वळली होती की तो कुशीवरच पडला, एवढाच तो प्रश्न होता. निकाली मैदानात तो उद्भवलाच नसता, आणि सांबोत पाडणाऱ्याच्या पायांकडेही पाहावे लागले असते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे सिकंदरने महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली.

सांधे आवळून शरण आणणे हा दुसरा मोठा भेद होय. सांबोत हात व पाय यांच्या सांध्यांवरील पकडींना परवानगी असून प्रतिस्पर्ध्याने थाप मारून हार मानली की लढत संपते. गळा आवळणे मात्र क्रीडा सांबोत, म्हणजे येथे विचारात घेतलेल्या प्रकारात, निषिद्ध आहे. पायांच्या पकडी हे ज्युदोपासूनचे तिचे ठळक वेगळेपण. कुस्तीत नाकपट्टी, हप्ता, घुटना यांसारख्या डावांत वेदना होतात, पण त्यांचा हेतू खालच्याला उलटा करण्याचा असतो, हार कबूल करवण्याचा नव्हे. मल्लयुद्धाचे भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती व जरासंधी असे चार प्रकार परंपरेने सांगितले जातात. त्यांतील जांबुवंती म्हणजे पकडीत जखडून शरण आणणे. त्यावरून सांबोचे मूळ भारतात शोधणाऱ्यांचा उत्साह समजण्यासारखा असला, तरी ते वर्गीकरण उत्तरकालीन वाटते आणि त्यावर असा निष्कर्ष उभा करता येत नाही.

प्रत्यक्ष संपर्क थोडाच आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांना हरवणाऱ्यांत सोव्हिएत संघाचा रशीद मामादबेयोव होता, पण ती लढत फ्रीस्टाइल कुस्तीची होती. आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघाने सांबोला १९६६ मध्ये मान्यता दिली, पहिली जागतिक स्पर्धा १९७३ मध्ये तेहरानला झाली, १९८४ मध्ये स्वतंत्र महासंघ स्थापन झाला आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. सोलापूरकडील पोरांना सांबो ठाऊक असते ते बहुधा मिश्र युद्धकलेतील (एमएमए) रशियन लढवय्या हबीब नुरमागोमेदोव याच्या चित्रफितींमुळे. तो ज्या लढाऊ सांबोचा दोनदा जगज्जेता होता, त्यात ठोसे, लाथा व गळा आवळणे यांना मुभा असल्याने तिची तुलना कुस्तीशी करणे योग्य नाही.