रेड-आय ग्रेव्ही

अमेरिकेच्या दक्षिण भागात, मुख्यतः टेनेसी, केंटकी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या पट्ट्यात न्याहारीला केली जाणारी पातळ ग्रेव्ही. मिठात मुरवलेल्या हॅमचे (डुकराच्या मांडीच्या मांसाचे) काप बिडाच्या तव्यात परतायचे, काप बाजूला काढायचे आणि तव्यात उरलेल्या चरबीवर काळी कॉफी ओतून तळाची खरवड सोडवून घ्यायची, झाली ग्रेव्ही. पीठ नाही की दूध नाही, त्यामुळे ती दाट होत नाही आणि चरबी मिसळीच्या तर्रीसारखी वर तरंगत राहते. रेड हॅम ग्रेव्ही, बर्ड-आय ग्रेव्ही, पुअर मॅन्स ग्रेव्ही ही तिचीच नावं. तिरामिसू या इटालियन गोड पदार्थात कॉफी ही स्वतःच मुख्य चव असते, इथे तसं नाही, इथे ती हॅमची चव पुढे आणते आणि स्वतः मागे राहते.

उगमाबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अँड्र्यू जॅक्सनची (१७६७–१८४५). तो पुढे अमेरिकेचा सातवा अध्यक्ष झाला, पण गोष्टीत बहुतेक वेळा तो जनरल असतो. त्याचा स्वयंपाकी आदल्या रात्री मक्याची व्हिस्की पिऊन आलेला, डोळे लालबुंद, तर जॅक्सन म्हणाला की तुझ्या डोळ्यांसारखी लाल ग्रेव्ही हॅमवर घालून आण. ही लोककथा म्हणूनच घ्यावी. मोठ्या माणसाला पदार्थ चिकटवायची सवय सगळीकडेच आहे, शिवाय दक्षिणेतल्या मोठ्या घरांमधे रांधणारे बहुतेक गुलाम कृष्णवर्णीय होते, त्यांच्या हातच्या पदार्थाचं श्रेय मालकाच्या एका शेऱ्याला जावं हे जरा खटकतंच. दुसरं स्पष्टीकरण साधं आहे: ग्रेव्ही वाडग्यात ओतली की तांबूस पाणी खाली बसतं, चरबी वर येते आणि वरून बघितलं की लालसर डोळा दिसतो. हेच जास्त पटण्यासारखं आहे. कॉफीने डोळे उघडे राहतात म्हणून हे नाव, असंही काही जण म्हणतात, पण पाण्यावर केलेल्या ग्रेव्हीलाही लोक रेड-आयच म्हणतात, तेव्हा ते फारसं टिकत नाही.

खरा वाद या पाण्याचाच आहे. कॉफी मूळची की नंतर आली? काही घरांत आजही नुसतं पाणी घालतात आणि कॉफीवाल्यांना नावं ठेवतात, काही घरांत याच्या बरोब्बर उलट. काळाचा अंदाज बांधायचा तर अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कॉफी मिळेनाशी झाली होती, लोक चिकोरी (एका झाडाचं मूळ), ओकची फळं, रताळी, भेंडीच्या बिया भाजून त्याचं पेय करून प्यायचे, आणि त्याआधी मिळायची तीही हिरवी कॉफी, जी घरीच भाजावी लागे. आर्बकल बंधू या अमेरिकी व्यापाऱ्यांनी भाजलेली कॉफी पाकिटात विकायला सुरुवात केली ती १८६०च्या दशकात, वास टिकावा म्हणून दाण्यांना साखर-अंड्याचा मुलामा देऊन (त्याचं पेटंट १८६८चं). रोज सकाळी चुलीवर कॉफीचं भांडं असणं, त्यात थोडी उरणं आणि ती तव्यात जाणं हे साध्या शेतकरी घरांत त्यानंतरच सर्रास झालं असावं. म्हणजे पाणी आधी आणि कॉफी मागून, असं मानायला जागा आहे.

चवीच्या बाजूने बघितलं तर मीठ महत्त्वाचं. अमेरिकी सरकारी नियमाप्रमाणे 'कंट्री हॅम' म्हणवून घ्यायला त्यात किमान ४ टक्के मीठ लागतं आणि मुरताना ताज्या मांसाच्या वजनात किमान १८ टक्के घट व्हावी लागते, म्हणजे तव्यात उरतं ते चांगलंच खारट असतं. सोडियममुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो, चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ब्रेस्लिन आणि बोशाँ यांनी १९९७ मधे हे दाखवलं, कडूपणा दबला की त्याखाली झाकलेला गोडवा वर येतो असंही त्यात दिसलं. म्हणून एरवी तोंड वाकडं करायला लावणारी काळी कॉफी इथे कडू लागत नाही, उलट तिचा किंचित आंबटपणा चरबीचा तुपकटपणा कापतो. मुरलेल्या हॅममधे मोकळं ग्लुटामेट (मांसल, भरीव चव देणारं द्रव्य) भरपूर असतं, ते खरवडीबरोबर पाण्यात उतरतं. वासाचंही नातं आहे: भाजलेल्या कॉफीचा ओळखीचा वास ज्यामुळे येतो त्या फरफ्युरिलथायॉलसारखी गंधकयुक्त द्रव्यं शिजलेल्या मांसातही सापडतात. कॉफीतलं हे द्रव्य १९२०च्या दशकात श्टाउडिंगर आणि राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधलं, दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामांसाठी.

कॉफी फिल्टरची, बिनसाखरेची, फार कडक नको. ती आटवताना जास्त वेळ उकळली तर मीठ आणि कडूपणा दोन्ही अंगावर येतात, दोन-तीन मिनिटं पुरतात. चिमूटभर साखर काही जण घालतात. मक्याच्या जाड कण्यांची पेज, म्हणजे ग्रिट्स, किंवा मऊ बिस्किटं (आपली चहात बुडवायची नव्हेत) हिच्याबरोबर खातात.

लुइझियानात हॅमऐवजी गोमांसाच्या रोस्टच्या रसात कॉफी घालतात, तिथली कॉफी बऱ्याचदा चिकोरीवाली असते. आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्टंट कॉफीतही चिकोरी असते, भारतीय नियमाप्रमाणे ४९ टक्क्यांपर्यंत चालते, तेव्हा हा प्रयोग घरी करणाऱ्याने पाकीट वाचून घ्यावं. स्वीडनमधे मेंढीचं मांस भाजताना त्यावर कॉफी, साय आणि साखर ओततात. चॉकलेट केकमधे गरम कॉफी घालायची पद्धत याच जातीची, कॉफी जाणवत नाही आणि कोको गडद लागतो. छोल्यांत चहाची पुरचुंडी टाकतात ती मात्र मुख्यतः रंगासाठी.