लॅक्टोज न पचणे आणि दुधाची ॲलर्जी: फॉर्म्युल्याचा डबा निवडताना होणारी गल्लत

लॅक्टोज म्हणजे दुधातील साखर, आणि वय वाढले की अनेकांना ती नीट पचत नाही, हे आता घरोघरी ठाऊक आहे. आजोबांचे पोट दुधाने फुगते हे पाहिलेले असते. म्हणून तान्ह्या बाळाला वरचे दूध सोसेनासे झाले की कोणालाही न विचारता लॅक्टोज-फ्री पावडरचा डबा आणला जातो.

परंतु गायीच्या दुधाची ॲलर्जी असते ती केसीन आणि व्हे या प्रथिनांची. साखरेशी तिचा काहीही संबंध नाही. गायीच्या दुधापासून केलेल्या लॅक्टोज-फ्री पावडरीत ही प्रथिने जशीच्या तशी असतात, त्यामुळे ज्या बाळाच्या शीतून रक्त पडते, अंगावर गांधी उठतात किंवा इसब हटत नाही, त्याला तो डबा दिल्यास ज्याने त्रास होतो तेच त्याच्या पोटात जात राहते. निदान झाल्यावर अशा बाळाला प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेला ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ फॉर्म्युला लागतो, आणि त्रास तीव्र असल्यास अमिनो आम्लांचा. तो महाग व चवीला कडवट असतो, पण प्रथिनांचे तुकडे अर्धवटच केलेला ‘पार्शली हायड्रोलाइज्ड’ डबा त्याची जागा घेऊ शकत नाही. शेळीचे दूध ‘हलके’ म्हणून सुचवण्याची रीत तर मला अक्षम्य वाटते. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातील प्रथिने गायीच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की ॲलर्जी बहुधा तशीच उसळते. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर डब्याचा विचार सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे.

जन्मापासूनच लॅक्टोज न पचणे अत्यंत दुर्मीळ आहे. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असते आणि बाळे त्यावरच वाढतात. तान्ह्यांत ही अडचण सहसा जुलाबाच्या आजारानंतर येते, फेसाळ, आंबूस शी होते, आणि काही आठवड्यांत आतडे सावरले की ती जाते. शीतून रक्त मात्र लॅक्टोजमुळे पडत नाही.

बाळ अंगावर पीत असेल तर दोन्हींपैकी कोणत्याही कारणाने स्तनपान तोडू नये. ॲलर्जी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दूध, दही, पनीर वर्ज्य करून पाहावे. लॅक्टोजसाठी तसे पथ्य व्यर्थ आहे, कारण ते आईच्या शरीरातच तयार होते.